मापनीत न मावलेली भीती : लॅटिनो पालक आणि ‘ॲकल्चरेशन’चा इतिहास

संशोधनाचा आराखडा लिहिताना आपण बहुतेक जण तयार मापनी शोधतो, तिची विश्वसनीयता बघतो आणि पुढे सरकतो. ती कधी आणि कोणत्या लोकांना समोर ठेवून तयार झाली, हे फारसं कुणी विचारत नाही. अमेरिकेतल्या लॅटिनो स्थलांतरित पालकांच्या ताणावरचं साहित्य वाचताना हा प्रश्न विचारला, की बरंच काही हाती लागतं.

आधी शब्द बघू. ॲकल्चरेशन म्हणजे परसंस्कृतिग्रहण. याची गाजलेली व्याख्या १९३६ ची. रेडफिल्ड, लिंटन आणि हर्स्कोविट्स या तीन मानवशास्त्रज्ञांची. वेगळ्या संस्कृतींचे गट सतत, थेट संपर्कात आले की एका किंवा दोन्ही गटांच्या मूळ संस्कृतीत जे बदल होतात ते, असा तिचा आशय. यातला ‘दोन्ही’ नीट लक्षात ठेवा, कारण पुढे मोजमाप सुरू झालं आणि तो गळूनच पडला. याच दशकात, महामंदीच्या काळात, मेक्सिकन वंशाच्या लाखो लोकांना अमेरिकेतून मेक्सिकोत पाठवण्यात आलं. त्यात अमेरिकेत जन्मलेली मुलंही होती. म्हणजे आईबापांच्या मनातली हद्दपारीची भीती या व्याख्येइतकीच जुनी आहे. व्याख्येत तिला जागा नव्हती इतकंच.

आता मायामीकडे येऊ. १९७० च्या दशकात होजे झापोच्निक आणि त्यांचे सहकारी तिथल्या क्युबन कुटुंबांवर काम करत होते. मुलं नवी भाषा नि रीतिरिवाज भराभर उचलतात, आईवडील मागे राहतात आणि या दरीतून घरात भांडणं होतात, ही त्यांची मांडणी. ती फार उपयोगी ठरली. पुढे पोर्तेस आणि रुम्बाउत यांनीही मुलं आणि पालक यांच्या वेगवेगळ्या गतीवर भर दिला. पण हे पालक कोण होते? क्रांतीनंतर आलेले क्युबन. त्यांच्यासाठी १९६६ च्या खास कायद्याने कायम वास्तव्याचा मार्ग खुला केला होता. उद्या आपल्याला पकडून नेतील ही धास्ती त्यांच्या घरात त्या प्रमाणात नव्हती. त्यामुळे ताण दिसला तो संस्कृतीचा. माझ्या मते ही गोष्ट पुरेशी बोलली जात नाही. कायद्याने सुरक्षित असलेल्या गटावर घडलेली चौकट नंतर सगळ्याच लॅटिनो पालकांना लावली गेली.

मेक्सिकन लोकांची वाट वेगळी होती. १९४२ ते १९६४ या काळात ब्रासेरो योजनेखाली कराराने मजूर यायचे, हंगाम संपला की परत जायचे. योजना बंद झाली तरी ये-जा चालूच राहिली. मग १९९३-९४ पासून एल पासो आणि सॅन डिएगो भागात सीमेवर कडक पहारा बसला. डग्लस मॅसी यांनी दाखवलं, की यामुळे परत जाणंच कमी झालं. एकदा गेलो तर पुन्हा येता येईल की नाही, या विचाराने पुरुष तिथेच थांबले आणि बायकामुलांना बोलावू लागले. त्यात १९९६ चा कायदा आला. परवान्याशिवाय एक वर्ष किंवा जास्त राहून देश सोडला, की परतीवर १० वर्षांची बंदी. आता चित्र बघा : मूल जन्माने अमेरिकन नागरिक, आई किंवा बाप कागदपत्रांविना, आणि शाळेच्या सभेला जायचं तर गाडी चालवायची कशी हाच प्रश्न. रस्त्यात पोलिसांनी अडवलं आणि परवाना मागितला, की संपलं!

मापन्या मात्र आपल्या गतीने चालल्या होत्या. १९८० ची मेक्सिकन अमेरिकनांसाठीची एक प्रसिद्ध मापनी माणसाला एकाच रेषेवर बसवते : एका टोकाला पूर्ण मेक्सिकन, दुसऱ्या टोकाला पूर्ण अमेरिकी वळणाचा. १९९५ च्या सुधारित आवृत्तीत दोन्हीकडचा कल वेगवेगळा मोजायची सोय झाली. १९९१ ची हिस्पॅनिक ताण प्रश्नावली मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात स्थलांतराचा ताण स्वतंत्रपणे विचारला होता. पालकत्वाचा ताणही. पण हे दोन वेगळे उपविभाग आहेत! वर सांगितलेल्या शाळेच्या सभेची गोष्ट कोणत्या उपविभागात टाकाल?

२००४ मध्ये हंट, श्नायडर आणि कोमर यांनी तर ॲकल्चरेशन हा आरोग्य संशोधनात चल म्हणून वापरावा का, असंच विचारलं. तो लेख जरूर वाचा. त्याआधी, १९९८ मध्ये वेगा आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो परगण्यात पाहिलं होतं, की मेक्सिकोत जन्मलेल्यांमध्ये मानसिक विकारांचं प्रमाण अमेरिकेत जन्मलेल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांपेक्षा कमी आहे. ‘जितकं मिसळाल तितकं बरं’ हे गृहीतक इथे कोसळतं. पण यावरून स्थलांतरित पालकांना ताणच नाही, असा अर्थ काढू नका. विकाराचं निदान आणि रोजची धास्ती या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घरोघरी फिरणाऱ्या मुलाखतकाराला दार उघडणं हेसुद्धा त्या धास्तीवरच अवलंबून असतं.