आधी दप्तर, मग दालन

उद्योगसमूहाची शताब्दी जवळ आली की संचालक मंडळात इतिहास-संग्रहालयाचा ठराव येतो आणि काम जनसंपर्क विभागाकडे जाते. पुढचा क्रम ठरलेला असतो: निविदा, डिझाइन एजन्सी, टचस्क्रीनची भिंत आणि वर्धापनदिनी उद्घाटन. या क्रमामागे एक मत आहे आणि व्यवस्थापनाच्या वर्तुळात ते आज जवळजवळ सर्वमान्य आहे. मला ते मुळातच चुकीचे वाटते. निवाडा वाचकाने करायचा आहे, म्हणून पूर्वपक्ष आधी पुरता मांडतो.

पूर्वपक्ष म्हणतो, काचेच्या कपाटासमोर आजचा तरुण थांबत नाही. हाताला काही करायला मिळाले तरच तो रमतो, म्हणून पडदे हवेत. कंपनी म्हणजे विद्यापीठ नाही. भागधारकांच्या पैशातून उभ्या राहणाऱ्या दालनाने कंपनीचा लौकिक वाढवावा, ही अपेक्षा रास्त आहे. संप, फसलेली उत्पादने, जुन्या चुका तिथे कशाला? आणि सर्वांत वजनदार मुद्दा तारखेचा. शताब्दी पुढे ढकलता येत नाही. कागदपत्रे लावत बसलो तर दालन उघडणारच नाही. म्हणून आधी दालन, दप्तर मागाहून.

हा पक्ष अडाणी माणसांचा नाही. त्यातले पहिले विधान तर मला पूर्ण मान्य आहे: पाहुण्याच्या हाताला, कानाला काम हवेच. पण त्यावरून पडदे हवेत हा निष्कर्ष कसा निघतो?

जपानमधील नागोया शहरात टोयोटा समूहाचे उद्योग-तंत्रज्ञान संग्रहालय आहे. समूहाचे जनक साकिची टोयोदा यांनी जिथे मागांवर प्रयोग केले, त्या जुन्या लाल विटांच्या कारखान्यातच ते 1994 साली उघडले. तिथे कापसापासून सूत काढून दाखवतात आणि माग प्रत्यक्ष चालवतात. 1924 चा स्वयंचलित ‘जी’ माग पाहा. बाण्याचे सूत संपत आले की माग न थांबवता भरलेला धोटा रिकाम्याची जागा घेतो. ताण्याचा एक धागा तुटला की माग आपोआप थांबतो. इचलकरंजीच्या कारागिराला यातले मोल समजावून सांगावे लागणार नाही. दोष दिसताच यंत्राने स्वतः थांबावे हे तत्त्व याच मागांतून पुढे टोयोटाच्या मोटार-उत्पादनात गेले. समूहाचा सगळा विचार त्या एका तुटलेल्या धाग्यात डोळ्यांसमोर येतो. हे कोणता पडदा दाखवील? पडद्यावर बोट फिरवण्याची सोय पाहुण्याच्या खिशातल्या फोनमध्ये आहेच. चालता माग तिथे नाही. पडद्यांना माझी हरकत नाही. मात्र ते पुरवणी म्हणून असावेत. शिवाय काही वर्षांत त्यांचे सॉफ्टवेअर कालबाह्य होते, आणि त्या देखभालीची तरतूद निविदेत क्वचितच असते.

आता दप्तराचा प्रश्न. 1951 साली पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात 12 लाखांहून अधिक मतपेट्या तयार झाल्या. ही संख्या कोणत्याही जाहिरातपत्रकात शोभून दिसते. पण गोष्ट संख्येत नाही. पेटीला बाहेरून कुलूप लावणे महाग पडत होते, तेव्हा कारखान्यातल्याच एका कारागिराने आतून बसणारी कडी सुचवली. ही हकीकत आज ठाऊक आहे, कारण 2006 साली स्थापन झालेल्या गोदरेज अभिलेखागाराने जुन्या माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचे काम हाती घेतले. डिझाइन एजन्सीने ही कडी कुठून आणली असती? एजन्सी गोष्ट उत्तम मांडते. ती शोधून काढणे हे अभिलेखपालाचे काम आहे. निवृत्त फोरमनकडे ध्वनिमुद्रक घेऊन कोणीतरी वेळेत पोहोचावे लागते, कारण ती माणसे शताब्दीपर्यंत थांबत नाहीत.

लौकिकाच्या मुद्द्यावर पूर्वपक्ष सर्वांत निर्धास्त असतो आणि तिथेच तो सर्वांत कच्चा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि सुरुवातीचे नांगर बराच काळ खपले नाहीत. हे अपयश गाळा. उरतो तो फक्त एक नांगर. विकला न जाणारा नांगर कारखान्याच्या आवारात पडून आहे आणि तरीही हा माणूस तो सुधारतो आहे, हे कळले तरच 1910 साली औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवण्याचे धाडस पाहुण्याला समजते.

यावर कोणी म्हणेल, न खपलेला माल सांगता येतो, पण खरा काळिमा कसा सांगणार? फोक्सवॅगनपुढे हाच प्रश्न होता. दुसऱ्या महायुद्धात तिच्या कारखान्यात हजारो माणसांना वेठबिगारीला जुंपले होते. 1986 साली कंपनीने हान्स मॉमझेन या इतिहासकाराकडे संशोधन सोपवले. ग्रंथ निघायला 1996 उजाडले. 1999 साली वुल्फ्सबर्गच्या कारखान्यातच, हवाई हल्ल्यापासून बचावासाठी बांधलेल्या जुन्या तळघरात, त्या मजुरांचे स्मृतिस्थळ उघडले. हे सारे निव्वळ अंतःप्रेरणेने घडले असे मी म्हणत नाही. जनमताचा रेटा होताच. पण त्यामुळे कंपनी बुडाली का? ती आजही जगातल्या सर्वांत मोठ्या मोटार-उत्पादकांत आहे. उलट, मजुरांचा इतिहास लपवणाऱ्या दालनाची अडचण अशी की तो इतिहास मजुरांच्या घरी सुरक्षित असतो. मुंबईत कापड गिरणीच्या मालकाने 1982 चा संप वगळून दालन उभारले, तर लालबाग-परळमधला पाहुणा पहिल्याच भिंतीपाशी ते खोटे ठरवील. मग त्यातल्या खऱ्या गोष्टींवर तरी तो का विश्वास ठेवील?

उरली तारीख. ती अटळ आहे, हे मान्य. पण शताब्दी अचानक येत नाही. तिची तारीख स्थापनेच्या दिवसापासूनच ठाऊक असते. उशीर होतो तो अभिलेखपाल शेवटी नेमल्यामुळे. पुण्यात टाटा समूहाने स्वतंत्र अभिलेखागार उभे केले आहे. अशा ठिकाणी वर्षानुवर्षे नोंदलेले साहित्य हाताशी असते, त्यामुळे तिथे दालन उभारणे हे काही महिन्यांचे काम ठरते. दप्तर नसेल तर एजन्सीचा पहिला प्रश्नच अनुत्तरित राहतो: दाखवायचे काय? मग मजकूर वार्षिक अहवालांतून उचलला जातो, प्रत्येक खातेप्रमुख आपला फोटो घुसवतो आणि आराखडा उद्घाटनाच्या आठवड्यापर्यंत बदलत राहतो. घाई दप्तरामुळे होत नाही, दप्तराच्या अभावामुळे होते.

म्हणून ज्यांच्या हाती असा प्रकल्प येणार आहे त्यांना माझे मागणे एवढेच आहे. निविदेचा मसुदा करण्याआधी अभिलेखपाल नेमा, मजकुरावरचा अंतिम शब्द जनसंपर्क विभागाकडे न देता त्याच्याकडे आणि एका बाहेरच्या इतिहासकाराकडे द्या, आणि कारखान्यातले जुने यंत्र किंवा जुनी नोंदवही त्यांच्या सहीशिवाय भंगारात जाणार नाही असा आदेश आजच काढा.