ग्रंथ आणि गादी : रब्बी श्नेउर झल्मान यांचे जीवन व वारसा

प्रस्तावना

अठराव्या शतकात पूर्व युरोपातील ज्यू समाजात हसिदी पंथाचा उदय झाला. अंतःकरणपूर्वक प्रार्थना, उपासनेतील आनंद आणि अधिकारी गुरूचे सान्निध्य यांवर या पंथाचा भर होता. याच पंथातील हबाद परंपरेचे संस्थापक रब्बी श्नेउर झल्मान (१७४५-१८१२) यांच्या कार्याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे. गुरुप्रधान पंथात त्यांनी ग्रंथाला दिलेले स्थान हा या विवेचनाचा मुख्य विषय होय.

जीवनपट

श्नेउर झल्मान यांचा जन्म आजच्या बेलारूसमधील लियोझ्ना येथे झाला. मेझेरिच येथील रब्बी डोव्ह बेर यांचे शिष्यत्व त्यांनी पत्करले. १७७२ मध्ये व्हिल्ना येथील सनातनी धर्मपंडितांनी हसिदी पंथावर बहिष्कार पुकारला. समेटासाठी श्नेउर झल्मान व त्यांचे ज्येष्ठ सहकारी मेनाखेम मेंडेल व्हिल्नाला गेले. तथापि तेथील विख्यात पंडित एलिया यांनी त्यांची भेट नाकारली. १७७७ मध्ये मेनाखेम मेंडेल पवित्र भूमीत स्थलांतरित झाले आणि कालांतराने बेलारूसमधील अनुयायांचे नेतृत्व श्नेउर झल्मान यांच्याकडे आले.

पुढे हा धार्मिक कलह राजसत्तेच्या दारी पोहोचला. पवित्र भूमीतील हसिदींसाठी ते निधी पाठवीत. ती भूमी ऑटोमन साम्राज्यात असल्याने, ते परकीय सत्तेला पैसा पुरवतात व नवा पंथ काढतात, अशी तक्रार झाली. १७९८ मध्ये त्यांना सेंट पीटर्सबर्ग येथे कैदेत ठेवण्यात आले. त्यांच्या सुटकेचा दिवस, किस्लेव्ह महिन्याची १९ तारीख, अनुयायी आजही सण म्हणून पाळतात. १८०० मध्ये पुन्हा अटक झाली. मुक्ततेनंतर ते लियादी येथे स्थायिक झाले. १८०४ च्या रशियन कायद्याने ज्यूंमधील प्रत्येक पंथास स्वतंत्र प्रार्थनामंदिर ठेवण्याची मुभा दिली.

विचारविश्व

'हबाद' हे नाव प्रज्ञा, आकलन व ज्ञान या अर्थाच्या तीन हिब्रू शब्दांच्या आद्याक्षरांपासून बनले आहे. १७९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'तान्या' या ग्रंथात मनुष्याच्या ठायी दैवी व पाशवी असे दोन आत्मे मानले आहेत. ग्रंथाचा नायक संत नव्हे, तर 'मध्यम पुरुष' आहे. त्याच्या मनातील विकार नष्ट होत नाहीत. परंतु बुद्धीच्या बळावर तो त्यांना आचार, वाणी व विचार यांवर ताबा मिळवू देत नाही. अशा प्रकारे सामान्य साधकासही साध्य असा आदर्श येथे मांडला आहे.

या ग्रंथामागील व्यावहारिक निकडही लक्षणीय आहे. भेटीस येणाऱ्यांची गर्दी इतकी वाढली की लियोझ्ना येथे भेटींवर निर्बंध घालणारे नियम करावे लागले. प्रत्येकास व्यक्तिशः मार्गदर्शन करणे अशक्य झाल्याने आपली उत्तरे ग्रंथरूपाने देत असल्याचे त्यांनी प्रस्तावनेत नमूद केले आहे.

नेपोलियन आणि अखेर

१८१२ मध्ये नेपोलियनने रशियावर स्वारी केली. नेपोलियनच्या विजयाने ज्यूंना समृद्धी लाभेल, पण त्यांची मने ईश्वरापासून दुरावतील, अशा आशयाचे मत त्यांच्या पत्रात आढळते. नागरी हक्कांपेक्षा श्रद्धेचे रक्षण त्यांना अधिक मोलाचे वाटले. म्हणूनच ज्या राजवटीने दोनदा कैद केले तिचीच बाजू त्यांनी घेतली. फ्रेंच सैन्यापुढून निघून जात असता त्याच वर्षाअखेर कुर्स्क प्रांतात त्यांचे निधन झाले. हाद्याच येथे त्यांची समाधी आहे.

वारसा

त्यांच्या पश्चात पुत्र डोव्ह बेर व पट्टशिष्य आरोन यांच्यात मतभेद होऊन दोन शाखा झाल्या. डोव्ह बेर ल्युबाविची येथे स्थिरावले व वंशपरंपरागत गादी सुरू झाली. सातवे गुरू मेनाखेम मेंडेल श्नेउरसन १९९४ मध्ये न्यूयॉर्क येथे निवर्तले. त्यानंतर गादीवर कोणीही बसलेले नाही. तरीही जगभरातील केंद्रांचे कार्य चालू आहे. मुंबईतील कुलाब्याचे नरिमन हाउस हे त्यांपैकीच एक. नोव्हेंबर २००८ मधील दहशतवादी हल्ल्यात तेथील रब्बी, त्यांची पत्नी व काही पाहुणे मारले गेले. २०१४ मध्ये ते केंद्र पुन्हा सुरू झाले.

समारोप

गादी गुरूच्या व्यक्तित्वावर उभी असते, तर ग्रंथ साधकाला स्वतःच्या बुद्धीवर उभे राहण्यास शिकवतो. संस्थापकाने या दोहोंचा पाया घातला. गादी रिक्त असूनही परंपरा टिकून आहे, याचे एक महत्त्वाचे कारण गुरूच्या अनुपस्थितीची सोय करणाऱ्या त्या ग्रंथात शोधावे लागते.