अर्धपोटी राहिल्याने आयुष्य वाढते का? काचघरातील दोन वर्षांची कथा

१/ २६ सप्टेंबर १९९१. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात उभारलेल्या ‘बायोस्फिअर-२’ या बंदिस्त काचघरात आठ जण राहावयास गेले. दोन वर्षे आत पिकेल त्यावरच गुजराण करावयाची होती. त्यांचे वैद्य रॉय वॉलफर्ड तेव्हा ६७ वर्षांचे होते.

२/ पीक अपुरे पडले आणि सर्वांच्याच पोटाला चिमटा बसला. दुसऱ्या एखाद्या वैद्याने यात केवळ संकट पाहिले असते. वॉलफर्ड यांनी संधी पाहिली, कारण मिताहाराने आयुर्मर्यादा वाढते, हाच त्यांच्या संशोधनाचा विषय होता.

३/ या विचाराचा पाया १९३५ साली घातला गेला. कॉर्नेल विद्यापीठातील क्लाइव्ह मॅके व मेरी क्रोवेल यांनी उंदरांचे अन्न घटवले, मात्र जीवनसत्त्वे व क्षार कमी पडू दिले नाहीत. या उंदरांची वाढ खुंटली. परंतु त्यांतील नर पोटभर खाणाऱ्या नरांपेक्षा पुष्कळच अधिक जगले.

४/ १९८२ मध्ये वॉलफर्ड व रिचर्ड वाइंडरुक यांनी दाखवले की, वर्षभराच्या प्रौढ उंदरांवरही हा उपाय लागू पडतो. म्हणजे बालपण उपाशी काढण्याची गरज नव्हती.

५/ काचघरातील मंडळींची वजने घटली. रक्तदाब व रक्तशर्करा उतरली. कोलेस्टेरॉलची सरासरी १९१ वरून १२३ वर आली. मात्र तुलनेसाठी पोटभर जेवणारा दुसरा गट तेथे नव्हता.

६/ सप्टेंबर १९९३ मध्ये ते बाहेर आले. त्याच डिसेंबरात सिंथिया केन्यन यांच्या चमूने जाहीर केले की, ‘डॅफ-२’ या एकाच जनुकातील बदलाने मिलिमीटरभर लांबीचा सूत्रकृमी दुपटीहून अधिक जगतो. हे जनुक इन्सुलिनसारख्या संप्रेरकांचा संदेश पेशींत पोहोचवणाऱ्या यंत्रणेचे आहे, हे १९९७ मध्ये कळले. ताट आणि जनुक यांच्या वाटा येथे जवळ आल्या.

७/ माकडांनी मात्र कोडे घातले. विस्कॉन्सिन येथील प्रयोगात (२००९) मिताहारी माकडांत वार्धक्याच्या व्याधींनी होणारे मृत्यू घटले. दुसऱ्या अमेरिकी प्रयोगात (२०१२) आयुष्य वाढले नाही. विस्कॉन्सिनची इतर माकडे मनसोक्त आणि अधिक साखरेचे अन्न खात होती. मग मिताहाराने आयुष्य वाढले, की अतिआहाराने घटले?

८/ वॉलफर्ड २००४ मध्ये चेतासंस्थेच्या दुर्धर विकाराने, ७९ व्या वर्षी निवर्तले. माणूस १२० वर्षे जगू शकतो, असे सांगणारे पुस्तक त्यांनी लिहिले होते. एका मृत्यूने सिद्धान्त खोटा ठरत नाही. एका शतायुषी माणसाने तो खराही ठरत नाही. उंदराचे आयुष्य तीनेक वर्षांत मोजून होते. माणसाचे मोजण्यास संशोधकाचेच आयुष्य अपुरे पडते.