त्र्यंबकेश्वराचा हिरा

रत्न खाणीत जन्मते, पण त्याचे मोल माणसांच्या दरबारात ठरते. परंपरेने जो त्र्यंबकेश्वराचा मानला जातो, त्या ‘नासिक हिऱ्या’चा इतिहास हेच सांगतो.

आपल्या सीमाभागातून जी कृष्णा पूर्वेस जाते, तिच्याच खालच्या खोऱ्यात गोवळकोंड्याचे हिरे सापडत. नदीकाठची खडेवाळू उपसून, धुऊन ते वेचीत. हिरा हा कर्बाचा स्फटिक. काठिण्यात त्याच्या तोडीचे दुसरे रत्न नाही.

१८१८ साली बेळगावचा किल्ला इंग्रजांनी घेतला. त्याच वर्षी पेशवाई बुडाली, आणि हा हिराही इंग्रजांच्या हाती पडून लंडनच्या बाजारात गेला. तेव्हा त्याचे वजन सुमारे ९० कॅरट, म्हणजे १८ ग्रॅम होते. तेज वाढावे म्हणून पैलू पुनःपुन्हा पाडले गेले. १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यांनी तो ४३.३८ कॅरटांवर आणला. वस्तू निम्म्याहून उणी झाली. तरी १९७० च्या लिलावात तिला पाच लक्ष डॉलर आले!

मध्यंतरी अमेरिकेत जकातीचा वाद उपस्थित झाला: ही पुरातन कलाकृती, की दागिन्यांचा कच्चा माल? १९३० मध्ये वरिष्ठ न्यायालयाने माल ठरविला. विशेष हे की, १९२५ मध्येच प्रिव्ही कौन्सिलने देवमूर्तीस कायद्याने व्यक्ती मानले होते. पण या वादात देव पक्षकारच नव्हता.

देवाच्या वतीने बोलावयाचे तर हाती लेख हवा. म्हणून प्रत्येक देवस्थानाने आपल्या अलंकारांची वजन व वर्णनासह नोंद ठेवावी, असे आम्ही आग्रहाने सुचवितो.