कुट्टीयंत्राचे आजोळ

उभ्या मक्यात शिरून ताटे कापणारे, चालता चालताच त्यांची बोटाच्या पेराहूनही बारीक कुट्टी करणारे आणि ती उंच नळीतून शेजारच्या ट्रॉलीत फेकणारे जे अवाढव्य यंत्र मुरघासाच्या हंगामात आता पाहावयास मिळते, त्याचे आजोळ इंग्लंडातील ग्लॉस्टरशर परगण्यातल्या लोकरी कापडाच्या गिरण्यांत आहे, असे मी प्रतिपादन करतो तेव्हा कृषियंत्रांचे जाणकार सौजन्याने हसतात. परंतु दाखले माझ्या बाजूचे आहेत.

पितृकुळाविषयी तंटा नाही. लाकडी पन्हळीतून वैरण पुढे सारून तिच्या तोंडाशी सुरीने कापण्याची रीत जुनी. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात ती पाती फिरत्या चाकाच्या आऱ्यांवर चढली. 1877 साली फ्रान्समधील ओग्यूस्त गॉफार याने हिरवा मका मुरविण्यावर ग्रंथ लिहिल्यानंतर, दाबून हवा काढता यावी एवढ्या बारीक कुट्टीची मागणी वाढली. आणि 1930 नंतरच्या दशकात अमेरिकेत हे यंत्र गोठा सोडून शेतात उतरले. हसी (1833) व मॅकॉर्मिक (1834) यांच्या कापणीयंत्रांतील मागेपुढे धावणाऱ्या पात्यालाच मूळपुरुष मानणारा एक पक्ष संभवतो. पण ते पाते उभे पीक आडवे करते, त्याची कुट्टी करीत नाही, तेव्हा त्या पक्षाची कैफियत येथेच निकालात निघते.

खरा वाद आहे तो यंत्राच्या पोटातील रुळाविषयी. या रुळावर पाती तिरकस बसविलेली असतात आणि एका स्थिर आडव्या पात्याला जेमतेम न शिवता ती फिरतात. फिरते पाते स्थिर पात्याला सबंध लांबीने एकदम न भिडता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत भेटते, आणि त्यामुळे घावाऐवजी कात्रीचा छेद साधतो. नेमकी हीच योजना ग्लॉस्टरशरमधील स्ट्राउडच्या खोऱ्यातील गिरण्यांत, कापडावर उठविलेली लव एकसारखी छाटण्यासाठी, प्रचारात होती. पूर्वी हे काम अजस्र कात्र्या चालविणारे कारागीर करीत. फिरत्या पात्यांची कल्पना 1792 साली अमेरिकेतील ऑल्बनीच्या सॅम्युअल डॉर याने मांडली, आणि 1815 साली ब्रिम्सकोमच्या जॉन लुईसने सुधारलेल्या यंत्राचे पेटंट घेतले.

त्याच खोऱ्यात यंत्रांची कामे करणाऱ्या एडविन बडिंग याला, जे यंत्र कापडाची लव छाटते ते गवताची का छाटणार नाही, असे सुचले. जॉन फेरेबी याने खर्च पत्करावा व त्याबदली उत्पादनाचे हक्क घ्यावेत, असा करारनामा झाला आणि 31 ऑगस्ट 1830 रोजी हिरवळ कापण्याच्या यंत्राचे पेटंट मंजूर झाले. आता येथून बागेतली हिरवळ कोठे आणि गुरांची वैरण कोठे, अशी तकरार प्रतिपक्ष करील. तिला माझे उत्तर आहे इप्सविचचा रॅन्सम्स कारखाना. 1832 साली बडिंगचे यंत्र बनविण्याचा परवाना त्यास मिळाला, आणि हा कारखाना मुळात नांगर आणि वैरण कापण्याची यंत्रे घडविणारा! चाक आणि रूळ ही दोन घराणी एका छपराखाली नांदू लागल्यावर सोयरीक झाली नसेल, असे मानणे मला जड जाते. तिची लेखी नोंद दफ्तरात नसली तरी कारागिरांच्या सोयरिकी दफ्तरात थोड्याच नोंदल्या जातात?

प्रतिपक्षाचा सबळ पुरावा आपल्या घरचाच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बेळगावात लोखंडी नांगराबरोबरच कडबा कापण्याचे यंत्रही घडविले, आणि गावोगाव हाताने फिरविली जाणारी कडबाकुट्टी आजही चाकाच्याच घराण्यातील आहे. शेतात उतरलेल्या आरंभीच्या यंत्रांतही चाकाची घडण होती, कारण चाक कापते आणि त्याच वेगाने कुट्टी उडवितेही. परंतु चाकाच्या पात्याचा वेग आसाजवळ थोडा व परिघाकडे अधिक, त्यामुळे वैरणीचे तोंड फार रुंद करता येत नाही. रुळाची लांबी मात्र वाढविता येते आणि टोकापासून टोकापर्यंत वेग एकच राहतो. मोठ्या रानाने म्हणूनच रूळ निवडला. त्याशिवाय एक कुळाचार पाहा: हिरवळीच्या यंत्रातील रूळ उलटा फिरवून पात्यांना धार लावण्याची वहिवाट आहे, आणि आजच्या अनेक कुट्टीयंत्रांतही रूळ उलटा फिरवूनच पाती आतल्या दगडावर पाजळतात. गरज सारखी म्हणून युक्ती सारखी, असे कोणी म्हणेल. ते अशक्य नाही. पण घडण, छेदाची रीत आणि धारेचा संस्कार ही तिन्ही लक्षणे जुळत असता नाते नाकारणाऱ्यानेच आता पुरावा आणावा. वैरण कापण्याचा व्यवसाय या यंत्राला बापाकडून मिळाला, हे मी मान्य करतो. कापण्याची तऱ्हा मात्र त्याने आजोळाहून उचलली.