बेवर: बालाघाटच्या बैगांची समतोल जीवनरीत

वैनगंगेच्या खोऱ्यातील भातशेती आणि मैकल डोंगररांगेतील साल वृक्षांची अरण्ये अशा दोन भूप्रदेशांचा मिळून बनलेला मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा 1867 मध्ये आकाराला आला. त्याच्या बैहर भागातील उंच पठारावर राहणारे बैगा आदिवासी ‘बेवर’ पद्धतीने, म्हणजे जंगलाचा एखादा तुकडा तोडून, वाळलेली झाडे जाळून, त्या राखेत नांगराविना बी पेरून शेती करीत असत. धरणी ही माता असून नांगराने तिची छाती फाडणे हे पाप होय, अशी त्यांची श्रद्धा होती. कोदो, कुटकी ही भरड धान्ये आणि डाळी एकाच शेतात मिसळून पेरल्या जात, त्यामुळे एक पीक बुडाले तरी दुसरे हाती लागे. काही वर्षांनी ती जागा सोडून दिली, की तेथे पुन्हा जंगल वाढे. कंदमुळे, मध आणि शिकार यांची जोड असल्याने निर्वाह केवळ शेतीवर अवलंबून नसे.

ब्रिटिश वनखात्याला मात्र इमारती लाकडाचा हा नाश वाटला, म्हणून बेवरवर निर्बंध आले आणि 1890 मध्ये शेजारच्या मंडला जिल्ह्यात ‘बैगा चक’ नावाचा मर्यादित प्रदेश या शेतीसाठी राखण्यात आला. मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विन यांनी 1939 च्या ‘द बैगा’ या ग्रंथात या सक्तीच्या बदलाने झालेली हानी नोंदवली. बेवरचा समतोल विस्तीर्ण जंगल आणि विरळ वस्ती यांवर उभा होता. जंगलावरील हक्क जाताच तो ढासळला.