खावटीचा भाव

नगरहवेलीतल्या सिल्वासाचा इतिहासच मुळी हिशेबाच्या वहीत सुरू होतो. १७७९च्या तहात मराठ्यांनी पोर्तुगीजांना वार्षिक १२,००० रुपये महसुलाची गावे कबूल केली. १७८३मध्ये नगरहवेली त्यांच्या हाती गेली, १७८५मध्ये दादराही गेले. हा महसूल पिकवणाऱ्या वारली, कोकणा, धोडिया या आदिवासी कुळांना कुणी विचारले नाही, हे सांगायला नकोच.

त्यांचा भाव वेगळ्याच वेळी ठरे.

आषाढात कणगीचा तळ दिसू लागला की सावकाराच्या ओटीवर जायचे, भात किंवा नागली खावटी म्हणून उचलायची. परतफेड सुगीत, दीडपट किंवा दुप्पट. मळणी संपायच्या आत सावकाराचा माणूस खळ्यावर हजर. करार म्हणायचा तर हाही करारच. फक्त एक बाजू उपाशीपोटी बोलणी करत होती.

धान्याखेरीज दुसरा माल गवत. डहाणू-उंबरगावच्या माळांवरचे गवत मुंबईच्या तबेल्यांत जाई. १९४५मध्ये, सिल्वासाच्या शेजारीच, वारल्यांनी किसान सभेच्या झेंड्याखाली कापणी थांबवली: ५०० पौंड गवताला अडीच रुपये द्या, मगच विळा उचलू. किसान सभेच्या नेत्या गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होत्या. ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. माणसे मेली, संप मात्र मोडला नाही.

२ ऑगस्ट १९५४ला सिल्वासा पोर्तुगीजांच्या ताब्यातून मुक्त झाले. जमीन सुधारणेचा कायदा यायला मात्र १९७१ उजाडले. सीमेपलीकडे महाराष्ट्र सरकारने १९७८मध्ये आदिवासींना पावसाळ्यासाठी कर्ज देणे सुरू केले. योजनेचे नाव ठेवले खावटी.